सोरायसिसची खाज : प्रतिकारशक्ती आणि मज्जातंतू यांच्यातला वाद

त्वचारोगतज्ज्ञ सोरायसिसची तीव्रता ज्या मापाने मोजतात त्याला 'पासी' म्हणतात. १९७८ मध्ये स्वीडनच्या फ्रेडरिक्सन आणि पेटरसन यांनी एका औषधाची परिणामकारकता तपासताना ते वापरले आणि पुढे ते जगभर रूढ झाले. डोके, हात, धड आणि पाय असे शरीराचे चार भाग करायचे. प्रत्येक भागातल्या चट्ट्यांची लाली, जाडी आणि खपल्या यांना शून्य ते चार गुण द्यायचे आणि किती त्वचा व्यापली आहे ते हिशेबात धरायचे. शेवटी शून्य ते ७२ मधला एक आकडा हाती येतो. नव्या औषधाला मान्यता मिळणार की नाही, हे बरेचसे या आकड्यात किती घट झाली यावर ठरते.

या तक्त्यात खाजेला रकाना नाही.

कार्डिफच्या फिनले आणि खान यांनी १९९४ मध्ये दहा प्रश्नांची एक प्रश्नावली तयार केली. त्वचारोगाने माणसाच्या रोजच्या जगण्यावर काय परिणाम होतो ते तिच्यात विचारले जाते. तिचा पहिलाच प्रश्न गेल्या आठवड्यात त्वचेला किती खाज, दुखरेपणा किंवा चुणचुण होती, हा आहे. डॉक्टरला दिसते ते पहिल्या मापात येते आणि रुग्ण सोसतो ते दुसऱ्या. चट्टे उठवणारे प्रतिकारशक्तीचे संदेशच खाज सुटायलाही कारण असतात, की खाजेचा मार्ग वेगळा आहे, हा आजचा वाद या दोन मापांमधल्या अंतरातूनच वाढला आहे.

कातडीच्या आजारापासून प्रतिकारशक्तीच्या आजारापर्यंत

लंडनच्या रॉबर्ट विलन यांनी १८०८ मध्ये सोरायसिसचे बारकाईने वर्णन केले आणि १८४१ मध्ये व्हिएन्नाच्या फर्डिनांड फॉन हेब्रा यांनी तो कुष्ठरोगापासून वेगळा काढला. समाजाच्या मनातून तो अजून पुरता वेगळा झालेला नाही. हातावरचा चट्टा पाहून ठरत आलेले लग्न मोडते, सलूनमध्ये कात्री थबकते, आणि हा आजार संसर्गजन्य नाही हे दर वेळी नव्याने सांगावे लागते.

विसाव्या शतकात बराच काळ सोरायसिस हा कातडीच्या पेशींचा दोष मानला जाई. निरोगी त्वचेची पेशी तळातून वर येऊन गळून पडायला साधारण महिनाभर घेते. सोरायसिसमध्ये हा प्रवास काही दिवसांत उरकतो आणि कच्च्या पेशींचे थर साचून खपल्या धरतात. तेव्हा पेशींची वाढ रोखा म्हणजे आजार आटोक्यात येईल, असा हिशेब होता. १९५१ मध्ये अमेरिकेत गबनर आणि सहकारी संधिवाताच्या रुग्णांना अमिनोप्टेरिन देत असताना सोरायसिसचे चट्टेही निवळले. त्याच जातीचे मेथोट्रेक्सेट पुढे नेहमीच्या वापरात आले आणि आजही ते आपल्या दवाखान्यांत सर्रास लिहून दिले जाते. ते वाढणाऱ्या पेशी मारते म्हणून उपयोगी पडते, अशी तेव्हाची समजूत होती. आता त्याचा खरा परिणाम बहुधा पांढऱ्या पेशींवर होत असावा असे मानले जाते.

दोष कातडीच्या पेशींचा, या समजुतीला धक्का बसला तोही संधिवाताच्याच औषधोपचारात. अवयव प्रत्यारोपणासाठी वापरले जाणारे सायक्लोस्पोरिन सोरायसिसजन्य संधिवाताच्या काही रुग्णांना दिले गेले, तेव्हा त्यांची त्वचाही साफ झाल्याचे १९७९ मध्ये म्युलर आणि हेरमान यांनी कळवले. हे औषध टी पेशींना आवरते. मग चट्ट्यामागे टी पेशी असतील का? १९९५ मध्ये न्यूयॉर्कच्या गटाने फक्त चेतवलेल्या टी पेशींना मारणारे विष वापरून चट्टे घटवून दाखवले. पुढच्याच वर्षी प्रतिकारशक्ती नसलेल्या उंदरावर मानवी त्वचेचे कलम करून, रुग्णाच्याच टी पेशी त्यात सोडून सोरायसिस उठवून दाखवण्यात आला. चट्टा कातडीवर असतो, पण त्याला चेतवणारे संदेश प्रतिकारशक्तीचे असतात, यावर तेव्हापासून फारसे दुमत नाही.

चुकून सापडलेले लक्ष्य

हे संदेश म्हणजे पेशींनी सोडलेली छोटी प्रथिने, सायटोकाइन. २००४ मध्ये टीएनएफ या सायटोकाइनला अडवणारे एटानरसेप्ट अमेरिकेत सोरायसिससाठी मान्य झाले. त्यानंतरची गोष्ट थोडी गमतीची आहे. आयएल-१२ हा सायटोकाइन मुख्य दोषी आहे असे समजून त्याच्या 'पी-४०' या भागाला चिकटणारे प्रतिपिंड तयार करण्यात आले. दरम्यान २००० मध्ये आयएल-२३ सापडला, आणि त्यातही तोच पी-४० भाग असल्याचे दिसले. २००९ मध्ये उस्टेकिनुमॅब नावाने ते इंजेक्शन बाजारात आले तेव्हा ते दोघांनाही अडवत होते. औषध उत्तम लागू पडले. पण त्याचे श्रेय आयएल-१२ ला नव्हे, आयएल-२३ ला द्यावे लागेल, हे हळूहळू उघड झाले.

आजचे सर्वमान्य चित्र असे आहे. त्वचेतल्या डेंड्रिटिक पेशी आयएल-२३ सोडतात. त्याने टी पेशींचा एक गट पोसला जातो आणि तो आयएल-१७ सोडतो. आयएल-१७ मुळे कातडीच्या पेशी भराभर वाढतात आणि आणखी दाहक पेशींना बोलावणारी रसायने तयार करतात, म्हणजे चक्र स्वतःलाच पोसत राहते. २०१५ मध्ये सेक्युकिनुमॅब आणि २०१६ मध्ये इक्सेकिझुमॅब हे आयएल-१७ अडवणारे प्रतिपिंड आले. २०१७ पासून गुसेल्कुमॅब आणि रिसांकिझुमॅबसारखी फक्त आयएल-२३ ला अडवणारी औषधेही आली. यांपैकी चांगल्या औषधांनी निम्म्याहून अधिक रुग्णांचा पासी नव्वद टक्क्यांनी खाली येतो. पंचवीस वर्षांपूर्वी असे कोणी म्हटले असते तर त्याला वेड्यात काढले असते.

पहिली ठिणगी कशाने पडते, हे अजून ठरलेले नाही. त्वचेतले एलएल-३७ हे प्रथिन, घशातला स्ट्रेप्टोकॉकस जंतू, 'एचएलए-सी ०६:०२' हा वारसा, असे बरेच संशयित आहेत. या लेखाच्या प्रश्नाशी त्यांचा संबंध दूरचा आहे, म्हणून ते बाजूला ठेवतो.

खाजेचे स्वतःचे शास्त्र

खाज म्हणजे खाजवावेसे वाटायला लावणारी संवेदना, ही व्याख्या जर्मनीच्या सॅम्युएल हाफनरेफर यांनी १६६० मध्ये केली आणि तिच्यात सुधारणा करण्याची गरज अजून कोणाला फारशी भासलेली नाही. खाज ही सौम्य वेदनाच, असे मात्र दीर्घकाळ मानले जाई. १९९७ मध्ये एर्लांगेनच्या श्मेल्त्स आणि सहकाऱ्यांनी माणसाच्या त्वचेत फक्त हिस्टामिनला प्रतिसाद देणारे मंदगती तंतू दाखवले. २००७ मध्ये सेंट लुईसच्या सून आणि चेन यांनी उंदराच्या पाठीच्या कण्यातला खाजेपुरता एक ग्राहक (रिसेप्टर) दाखवला. खाजेला स्वतःची वाट आहे हे त्यामुळे मान्य झाले.

पण खाज म्हणजे हिस्टामिन, हा समज दवाखान्यांतून हटलेला नाही. सोरायसिसच्या रुग्णाला हटकून सेटिरिझिनची गोळी मिळते. ती गांधी उठल्यावर चांगली लागू पडते, सोरायसिसच्या खाजेवर फारशी नाही. झोप आणणाऱ्या जुन्या गोळ्यांनी रात्र बरी जाते खरी, पण ती गुंगीमुळे. ही खाज प्रामुख्याने हिस्टामिनशिवायच्या वाटेने येते.

इसबाच्या बाबतीत ही दुसरी वाट बरीच उजेडात आली आहे. २००४ मध्ये सापडलेल्या आयएल-३१ चे ग्राहक थेट संवेदी मज्जातंतूंवर असतात. २०१७ मध्ये ब्रायन किम यांच्या गटाने दाखवले की आयएल-४ सुद्धा मज्जातंतूंना थेट चेतवून खाजेसाठी संवेदनशील करतो. म्हणजे प्रतिकारशक्तीचा संदेश मज्जातंतू सरळ ऐकतात. आयएल-४ चा मार्ग रोखणारे डुपिलुमॅब आणि आयएल-३१ चा ग्राहक रोखणारे नेमोलिझुमॅब ही औषधे हीच वाट अडवतात.

सोरायसिसला असा एक ठसठशीत दुवा सापडलेला नाही. मुळात सोरायसिसला खाज नसते, असे जुनी पुस्तके सांगत. सिंगापूरमध्ये २००० साली जास्त पसरलेल्या सोरायसिसच्या रुग्णांची पाहणी झाली, तीत ८४ टक्के रुग्णांनी खाज असल्याचे सांगितले. नंतरच्या पाहण्यांतले आकडे कमीअधिक आहेत, पण बहुसंख्य रुग्णांना खाज असते, याबद्दल आता शंका राहिलेली नाही. पुस्तके कशी चुकली याचे माझे उत्तर सरळ आहे. इसबाची खाज इतकी भयंकर असते की तिच्या शेजारी ठेवल्यावर सोरायसिसची खाज कोणी विचारलीच नाही.

पहिले मत : दाह शमवा, खाज जाईल

बहुतेक त्वचारोगतज्ज्ञ या मताचे आहेत आणि त्यांच्या हाती मोठ्या चाचण्यांचा पुरावा आहे. इक्सेकिझुमॅबच्या चाचण्यांत पहिल्याच आठवड्यात खाज प्लासिबोपेक्षा स्पष्टपणे घटली. सेक्युकिनुमॅब आणि आयएल-२३ अडवणाऱ्या औषधांनीही खाज उतरते. मग खाजेला वेगळे औषध शोधण्याची गरज काय, असा त्यांचा सवाल आहे. तो वाजवी आहे.

पण पहिल्या आठवड्याचा तोच निकाल दुसऱ्या बाजूनेही वाचता येतो. एवढ्या लवकर चट्टे पुरते साफ झालेले नसतात. तरीही खाज कमी होत असेल, तर ती जाड कातडीमुळे नव्हे, थेट संदेशामुळे सुटत असणार. आयएल-१७ चे ग्राहक संवेदी मज्जातंतूंवर आढळले आहेत. मात्र त्याने थेट खाज सुटते का, याबद्दलचा पुरावा एकमुखी नाही. शिवाय पासी आणि खाज यांचा मेळ बऱ्याच पाहण्यांत विरळच बसतो. टाळूवर दोन रुपयांएवढा चट्टा असणारा माणूस रात्रभर जागतो आणि पाठभर चट्टे असणारा खुशाल झोपतो, हे दर आठवड्याला दिसणारे दृश्य पहिल्या मताला सहज पचत नाही.

दुसरे मत : मज्जातंतू नुसता निरोप्या नाही

या मताचे मूळ स्टॅनफर्डच्या यूजीन फार्बर यांच्याकडे जाते. १९८६ मध्ये त्यांनी मांडले की मज्जातंतूंच्या टोकांतून झिरपणारे सब्स्टन्स पी सोरायसिस भडकवते. चट्टे दोन्ही कोपरांवर, दोन्ही गुडघ्यांवर आरशातल्यासारखे जोडीने का येतात, मानसिक ताण वाढला की आजार का बळावतो, ही कोडी त्यातून सुटतात असे त्यांना वाटे. त्यांचे सहकारी राय चौधुरी यांनी सोरायसिसच्या त्वचेत मज्जातंतू वाढवणारा घटक, एनजीएफ, जास्त असल्याचे दाखवले. सर्वांत ठळक पुरावा मात्र रुग्णांच्या नोंदींतला होता. अपघातात किंवा शस्त्रक्रियेत एखाद्या भागाचा मज्जातंतू तुटला, तर नेमका तेवढ्याच भागातला चट्टा निवळतो, अशा नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत पुन्हा पुन्हा आल्या.

२०१४ मध्ये हार्वर्डच्या रिओल-ब्लांको आणि फॉन आंद्रियान यांच्या गटाने उंदरांत याची यंत्रणा दाखवली. वेदना जाणणारे तंतू काढून टाकले की त्वचेतल्या डेंड्रिटिक पेशी पुरेसे आयएल-२३ बनवत नाहीत आणि सोरायसिससारखा दाह मंदावतो. २०१९ मध्ये पिट्सबर्गच्या डॅनियल कॅप्लन यांच्या गटाने उलट बाजूने प्रयोग केला. त्यांनी जंतू वापरला नाही, जखमही केली नाही, फक्त प्रकाशाने ते तंतू चेतवले. तेवढ्याने आयएल-१७ चा दाह उठला, आणि शेजारच्या न चेतवलेल्या त्वचेतही पसरला. म्हणजे मज्जातंतू प्रतिकारशक्तीचे ऐकतो तसा तिला हुकूमही देतो.

हे तत्त्व औषधात उतरवायला गेल्यावर मात्र चित्र धूसर झाले. एनजीएफचा ग्राहक रोखणाऱ्या 'सीटी-३२७' या मलमाच्या २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत चट्टे जवळपास जसेच्या तसे राहिले आणि खाज कमी झाली. खाज आणि चट्टा वेगळे करता येतात, याचा इतका स्वच्छ पुरावा त्याआधी नव्हता. पण खाज हेच मुख्य लक्ष्य ठेवून झालेल्या पुढच्या चाचणीत तो निकाल टिकला नाही. सब्स्टन्स पीचा ग्राहक रोखणाऱ्या सर्लोपिटंटने आठ आठवड्यांत ३३ टक्के रुग्णांची खाज शून्य ते दहाच्या मापावर चार गुणांनी उतरली. प्लासिबो गटात हे प्रमाण २१ टक्के होते. हा फरक आहे, पण उड्या माराव्यात एवढा नाही.

तिसरे मत : एकच गुन्हेगार शोधू नका

तिसरा गट कातडीच्या पेशींकडे बोट दाखवतो. त्या एनजीएफ, टीएसएलपी, लिपोकॅलिन-२ अशी बरीच रसायने सोडतात आणि त्यांपैकी काही मज्जातंतूंना डिवचतात. खाज दाबणारी, शरीराचीच कप्पा ओपिऑइड यंत्रणा सोरायसिसच्या त्वचेत क्षीण झालेली आढळली आहे. २०१८ मध्ये यॉसिपोविच यांच्या गटाने तीव्र खाज असलेल्या इसबाच्या आणि सोरायसिसच्या त्वचेतल्या जनुकांची तुलना केली, तेव्हा दोन्हींत बरेच साम्य निघाले. इसब आणि सोरायसिस ही प्रतिकारशक्तीची दोन टोके मानली जातात. आयएल-४ अडवले तर कधी कधी सोरायसिस उपटतो आणि आयएल-१७ अडवले तर इसब. त्यामुळे हे साम्य विचारात पाडणारे आहे. आयएल-३१ सोरायसिसमध्येही वाढलेला दिसतो, पण त्याची रक्तातली पातळी आणि खाजेची तीव्रता यांचा मेळ सगळ्या अभ्यासांत बसत नाही.

उंदराचा घोळ

यातला बराच पुरावा एका विशिष्ट उंदरावर उभा आहे. इमिक्विमोड नावाचे मलम काही दिवस लावले की उंदराच्या पाठीवर सोरायसिससारखा दाह उठतो, हे २००९ मध्ये फान डेर फित्स यांच्या गटाने दाखवले. ही पद्धत स्वस्त आणि झटपट असल्याने जगभरच्या प्रयोगशाळांनी उचलली. अडचण अशी की इमिक्विमोड संवेदी मज्जातंतूंना स्वतःच चेतवू शकते. मग उंदीर पाठ खाजवतो तेव्हा ती खाज दाहाची की मलमाची? आणि या उंदरात मज्जातंतू कापल्यावर दाह घटला, तर त्यावरून माणसाच्या सोरायसिसबद्दल किती बोलावे? मलमाच्या आधारद्रव्यातले एक आम्लही दाहाला हातभार लावते, असे नंतर दिसले. शिवाय उंदराचा दाह आठवड्या-दोन आठवड्यांचा असतो आणि माणसाचा चट्टा वर्षानुवर्षे टिकतो. २०१४ चा हार्वर्डचा प्रयोगही याच मलमाचा होता. म्हणूनच प्रकाशाचा २०१९ चा प्रयोग मला अधिक वजनदार वाटतो, जरी तोही उंदरातलाच असला तरी.

माणसाच्या त्वचेतले निष्कर्षही एकमेकांशी जुळत नाहीत. काहींना सोरायसिसच्या बाह्यत्वचेत मज्जातंतू वाढलेले दिसले, काहींना घटलेले.

खाजवण्याने काय होते

ब्रेसलाऊचे हाइनरिख कोबनर यांनी १८७० च्या दशकात एका रुग्णाच्या अंगावर घोडा चावल्याच्या जागी आणि गोंदल्याच्या जागी सोरायसिसचे चट्टे उठलेले पाहिले. आपल्याकडे हेच बोरीच्या काट्याने ओरखडा उठलेल्या पोटरीवर दिसते. ओरखडा भरतो, आणि दहा-वीस दिवसांनी त्याच रेघेवर, तेवढ्याच लांबीचा, रुपेरी खपल्यांचा चट्टा धरतो. म्हणजे खाज हे नुसते लक्षण राहत नाही. नखे लागली की ती आजार पसरवण्याचे साधनही होते. कॅप्लन यांच्याच गटाने २०२५ च्या सुरुवातीला दाखवले की खाजवल्याने उंदरांत वेदनातंतूंतून सब्स्टन्स पी सुटते आणि ॲलर्जीचा दाह वाढतो. हा प्रयोग इसबाच्या धर्तीचा होता. सोरायसिसमध्ये नेमके तेच घडते का, हे पाहायचे बाकी आहे.

आपल्याकडचे वास्तव

भारतातल्या पाहण्यांत सोरायसिसचे प्रमाण ०.४४ ते २.८ टक्के दिसते. २०१३ मध्ये बायोकॉनच्या इटोलिझुमॅबला सोरायसिससाठी परवानगी मिळाली. टी पेशींवरच्या सीडी-६ ला धरणारे हे प्रतिपिंड जगात प्रथम भारतातच बाजारात आले. टीएनएफ आणि इतर सायटोकाइन अडवण्याआधी सुप्त क्षयाची तपासणी करावी लागते आणि क्षय जिथे घरोघरी आहे तिथे ही नुसती औपचारिकता नसते. किमतीमुळे बहुतेकांचा उपचार मेथोट्रेक्सेट, मलमे, प्रकाशोपचार आणि ॲप्रेमिलास्टच्या देशी गोळ्यांवरच चालतो. खाजेला कंटाळून स्वतःच्या मनाने स्टिरॉइडच्या गोळ्या घेणाऱ्यांचे मात्र हाल होतात. त्या अचानक थांबवल्या की सोरायसिस पुवाच्या पुळ्यांसह अंगभर उसळू शकतो.

आणखी एक गोष्ट पासीशी निगडित आहे. सावळ्या त्वचेवर लाली लाल दिसत नाही. ती जांभळट किंवा करडी दिसते आणि गुण कमी पडतात. ज्या मापात खाज नाही, त्या मापात आपल्या त्वचेची लालीही अर्धवटच उतरते.

काय ठरले, काय राहिले

चट्टा आयएल-२३ आणि आयएल-१७ च्या साखळीने उठतो, हे ठरले आहे. त्या साखळीला अडवले की बहुतेकांची खाजही उतरते, हेही ठरले आहे. चट्टे गेल्यावरही काहींची खाज का उरते, आयएल-१७ मज्जातंतूला थेट डिवचतो की कातडीच्या पेशींच्या मार्फत, मज्जातंतू चट्ट्याच्या आधी जागा होतो की नंतर, आणि फक्त मज्जातंतूवर काम करणारे औषध माणसात चट्टाही घालवेल का, हे चार प्रश्न उघडे आहेत. माझ्या मते पहिले मत उपचारापुरते बरोबर आहे आणि समजुतीपुरते अपुरे. दुसऱ्या मताचे प्रयोग देखणे आहेत, पण माणसात सिद्ध झालेले औषध त्याच्या हाती अजून नाही. चाचण्यांत खाज आजही बहुधा दुय्यम निकष म्हणूनच मोजली जाते. ती पहिल्या दिवसापासून, रोज, चट्ट्यांइतक्याच काटेकोरपणे मोजल्याशिवाय यातला एकही प्रश्न सुटणार नाही.

त्यासाठी यंत्र लागत नाही. गेल्या चोवीस तासांतल्या सर्वांत वाईट खाजेला शून्य ते दहामध्ये एक आकडा द्यायचा, एवढेच. चार गुणांची घट झाली तर औषध लागू पडले असे चाचण्यांत धरतात. सोरायसिस असलेल्या वाचकांनी हा आकडा रोज टिपून ठेवावा आणि पुढच्या भेटीत डॉक्टरांनी विचारण्याची वाट न पाहता तो आपणहून सांगावा.